नाव नसलेला भाडेकरू

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीस, म्हणजे २०२४ च्या मे महिन्यात, आमचा पुतण्या व त्याची बायको पुण्याहून शिंदखेड्यास आली. वैशाखातले खानदेशचे ऊन ज्यांनी पाहिले आहे त्यांस सांगावयास नको, की त्या दिवसांत घर खरे नांदते ते रात्री. सूर्य मावळला की धाब्यावर पाण्याच्या बादल्या ओतावयाच्या, जमीन निवली की गाद्या टाकावयाच्या आणि सासूबाईंपासून शेंडेफळापर्यंत सगळ्यांनी उघड्यावर निजावयाचे, ही आमची जुनी रीत. मातीचे धाबे जाऊन तेथे सिमेंटचा स्लॅब आला त्यास पुष्कळ वर्षे लोटली. परंतु आम्ही त्याला अद्याप धाबेच म्हणतो.

त्या रात्री सुरतेकडची गाडी निघून गेली, सगळी निजली, तरी एका कोपऱ्यात उजेड दिसत होता. नवराबायको संगणक मांडीवर घेऊन कुजबुजत भांडत होती. नव्या जोडप्याच्या भांडणात वडीलधाऱ्यांनी पडू नये हे मला कळते. पण सूनबाईंचे शब्द कानी आले, "इतके दिवस गोड बोलून तो शेवटी बायकोकडे निघून जातो, आणि तुला त्यात काहीच वाटत नाही?" तेव्हा हा 'तो' कोण, ह्या धास्तीने मी उठून बसले.

'तो' निघाला एका खेळातला. एकतीस वर्षांचा पुरुष आणि कमावती मुलगी खेळावरून भांडतात ह्याचे मला हसू आले. परंतु हकीकत ऐकली तेव्हा हसू जागच्या जागी राहिले.

'ड्रीम डॅडी' नावाचा हा खेळ २०१७ च्या जुलैमध्ये अमेरिकेत निघाला. खेळ कसला, कादंबरीच ती. फरक इतकाच की दर चार ओळींनी नायकाने काय बोलावे हे वाचकास विचारतात, आणि आपण जे सांगू त्याप्रमाणे कथा वळण घेते. नायक जोडीदाराच्या मृत्यूनंतर एकटा पडलेला, कॉलेजात जाऊ घातलेल्या मुलीचा बाप. तो एका नव्या वस्तीत राहावयास येतो. तेथे आणखी सात बाप राहतात. त्यांच्यापैकी ज्याच्याशी त्याचे मन जुळेल त्याच्याशी प्रेम करावयाचे, असा एकूण प्रकार. पुरुषाने पुरुषावर प्रेम करावयाचे खेळ पूर्वीही होते म्हणतात. पण त्यांतले नायक बापाच्या वयाचे, मुलांचे डबे भरणारे, अंगणातले गवत कापणारे संसारी पुरुष असावेत ही कल्पना नवी होती, आणि लोकांस ती फार आवडली.

ह्या सातांपैकी जोसेफ हा चर्चमध्ये तरुणांना धर्मोपदेश करणारा. घरी मेरी नावाची बायको, चार मुले. त्याच्याशी कितीही समजुतीने वागा, तो अखेर नायकास सोडून संसाराकडे वळतो. खेळ निघाला तेव्हा ह्या शेवटावरून खेळणारे पुष्कळ कुरकुरले. काहींचे म्हणणे, बाकी सगळ्यांशी सुखाचा शेवट आहे तर ह्याच्याशीच का नाही? दुसऱ्यांचे म्हणणे ह्याहून खोल होते. ज्याला स्त्रीही आवडते आणि पुरुषही, त्यालाच नेमका फसवा का दाखविला? अशा माणसाविषयी जग आधीच म्हणते की हा कोणाचाच नव्हे, वारा येईल तिकडे पाठ फिरविणारा. त्यात ही भर कशाला?

पुतण्या खेळाची बाजू घेत होता. त्याच वस्तीत क्रेग आहे, तो म्हणाला. बायकोशी काडीमोड झालेला, तीन मुलींना सांभाळणारा, नायकाचा कॉलेजातला मित्र. मॅट आहे, त्याची बायको रोझा वारली, तिचे दुःख त्याने मनात जपले आहे, आणि तरी तो पुन्हा प्रेम करतो, ह्या खेपेस पुरुषावर. ह्या दोघांचे आधीचे संसार खोटे होते असे खेळ कोठेही म्हणत नाही. "मग लोकांच्या तोंडी जोसेफच का राहतो?" सूनबाईंनी विचारले. त्यावर त्याने संगणक मिटला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "काकूंना विचार. त्यांनी वरच्या खोलीतल्या भाडेकरूलाही असेच लबाड ठरवले होते."

हा भाडेकरू आमच्या घरचा नव्हे, कादंबरीतला. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' मौज प्रकाशनाने २००६ साली काढली. पुढे २०१३ साली जेरी पिंटो यांनी ती इंग्रजीत नेली, आणि २०२२ साली तिच्यावर हिंदी चित्रपटही आला. एका मध्यमवर्गीय मराठी कुटुंबात वरच्या खोलीत एक तरुण चित्रकार भाड्याने राहावयास येतो. घरातला मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो. त्याची बहीण अनुजा हीही पडते, आणि एके दिवशी त्याच्याबरोबर घर सोडून जाते. काही महिन्यांनी तो तिलाही टाकून नाहीसा होतो. पहिला भाग तनयच्या तोंडचा, दुसरा अनुजाच्या.

आमच्या घरी पुस्तक आले की ते ओळीने सगळ्यांच्या हातून जाते. हे पुस्तक २००७ साली आले. धाकट्या जाऊबाईंनी दहा पानांवर मिटले आणि असली पुस्तके वाचनालयात परत करावीत असे सुचविले. मी पडले मराठीची शिक्षिका. मला ते पटेना. मी ओसरीवर बसून मोठ्या अभिनिवेशाने त्या पुस्तकाची बाजू मांडली. तनयचे दुःख खरे आहे, त्याला हसू नये, निसर्गाने ज्याला जसे घडविले तसे त्याने जगावे, वगैरे. आणि शेवटी म्हणाले, "राग येतो तो त्या भाडेकरूचा. माणसाने एक काय ते ठरवावे. भावालाही झुलवायचे आणि बहिणीलाही, हा शुद्ध लबाडपणा."

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला चौदा वर्षांचा एक मुलगा बीजगणिताची उदाहरणे सोडवीत बसला होता, त्याच्याकडे माझे लक्षही नव्हते.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ च्या जाचातून अशा प्रौढांच्या संमतीच्या संबंधांस मोकळे केले. त्यानंतर आठवड्याभरातच गणपती बसले आणि तो मुलगा, आता पुण्यास नोकरी करणारा, घरी आला. विसर्जनाच्या आदल्या रात्री त्याने मला एकटीला गाठून सांगितले, की त्याचा एक मित्र आहे, आणि तो नुसता मित्र नाही. मी काय केले असेल? रडले नाही, ओरडले नाही. त्याचा हात धरला आणि म्हटले, "तू आमचाच आहेस." पुढे दोन वर्षांत घरातल्या एकेकाच्या कानी ही गोष्ट मीच घातली. ह्यांना आठ दिवस लागले, धाकट्या दिरांना वर्ष. जाऊबाई देवापुढे रडल्या, मग त्या मित्रासाठी बिबड्यांचा डबा पाठवू लागल्या. सासूबाईंना कोणी काही सांगितले नाही, पण त्यांना कळावयाचे ते कळले असावे. ह्या सगळ्या कामगिरीचा मला, खरे सांगावयाचे तर, गर्व झाला होता. तालुक्याच्या गावात राहून आपण पुण्यामुंबईच्या सुधारकांपेक्षा पुढे गेलो असे मला वाटे.

२०२१ साली मित्र नोकरीनिमित्त परदेशी गेला आणि दोघे समजुतीने दूर झाले. २०२३ च्या दिवाळीत पुतण्याने सांगितले की त्याला लग्न करावयाचे आहे. मुलगी त्याच्याच कचेरीतली. तिला सर्व हकीकत ठाऊक आहे.

घरात जो आनंद झाला त्याचे वर्णन मी काय करू? जाऊबाईंनी पेढे वाटले. कुलदेवतेचा नवस फेडावयाचा ठरला. पाच वर्षे ज्यास आम्ही 'त्याचा स्वभाव' म्हणत होतो, त्यास एका रात्रीत सगळे 'तो नाद' म्हणू लागले. आणि ज्या बाईने त्याचा हात धरला होता ती बाई दूरध्वनीवर त्याला म्हणाली, "चला, अखेर मोठा झालास."

त्याने "बरं, काकू" म्हणून फोन ठेवला. लग्न होईपर्यंत मजशी तो कामापुरतेच बोलला. मी समजले, लगीनघाई आहे.

तिकडे पुण्यात त्याच्या मित्रमंडळात काय चालले होते हे मला फार उशिरा कळले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांस विवाहाचा हक्क देण्याचे नाकारले होते. त्या निकालाने ती मुले खचली होती, आणि त्यानंतर महिना लोटतो न लोटतो तोच ह्याने लग्नाची बातमी सांगितली. त्यांच्यातला एक म्हणाला, "आम्हांला दार बंद झाले आणि तू उघड्या दाराने निघालास." दुसऱ्याने विचारले, इतकी वर्षे आमच्यात तू कोणत्या नात्याने बसत होतास? बोलावणी बंद झाली. मी त्या मुलांना दोष देणार नाही. ह्याच्यापुढचा रस्ता त्यांच्या रस्त्यापेक्षा सोपा होता हे खोटे नाही. ह्याला लग्नाचा दाखला मिळाला, त्यांना तो कायदा देत नाही. परंतु सोपा रस्ता मिळाला म्हणून चालणाऱ्याचे पाय खोटे होतात काय? त्यांनी म्हटले, हा कधी आमचा नव्हताच. आम्ही म्हटले, हा आता आमचा झाला. दोन्हीकडून त्याची पाच वर्षे पुसली गेली.

हे सर्व मला त्या रात्री धाब्यावर समजले. मी विचारले, "मग २०१८ साली मला सगळे का नाही सांगितलेस? दोन्ही सांगावयाचे होतेस." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुम्हीच म्हणाला होतात ना, माणसाने एक काय ते ठरवावे. मी ठरवले आणि तेवढेच सांगितले. दोन सांगितली असती तर तुम्ही मला भाडेकरू म्हटले असते."

सतरा वर्षांपूर्वीचे एक वाक्य, आणि तेही एका पुस्तकाविषयीचे! मी झोपले नाही. पहाटे उठून कपाटातून ते पुस्तक काढले व पुन्हा वाचले. पहिल्या वाचनात जे डोळ्यांसमोर असून दिसले नव्हते ते आता दिसले. तनय बोलतो, अनुजा बोलते. तो भाडेकरू सबंध पुस्तकात स्वतःविषयी आपल्या तोंडाने एक पानही सांगत नाही. त्याला नावसुद्धा नाही. लेखकाने हे जाणूनबुजून केले आहे, आणि कलेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. सोडून गेलेले माणूस आपल्या हाती उरते ते असेच. पण मी वाचक म्हणून त्या रिकाम्या जागी न्यायाधीश होऊन बसले होते. तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आले, तेही मला ह्यावरून आठवले. मित्रा नमावर प्रेम करते. नमा मित्राजवळ येते आणि मन्या दळवीकडेही जाते. गोष्ट सांगतो बापू, जीव जातो मित्राचा, आणि प्रेक्षक नाटकगृहाबाहेर पडतो तो नमाला शिव्या देत. नमाच्या मनात काय होते हे कोणी विचारीत नाही. माझ्या वाचनात आलेल्या ह्या दोन मराठी कृतींत, जे माणूस दोघांवर प्रेम करते त्याचीच बाजू त्याच्या तोंडून ऐकू येत नाही, हा योगायोग मला चमत्कारिक वाटला.

भाषाच जेथे अडखळते तेथे नाटकांना काय बोलावे? शाळेत शास्त्राच्या पुस्तकात आम्ही 'उभयलिंगी' हा शब्द शिकविला तो गांडुळासाठी. तोच शब्द वर्तमानपत्रे अशा माणसांस लावतात. अलीकडे 'उभयलैंगिक' असा जरा बरा शब्द रूढ होत आहे, पण तो उच्चारताना दवाखान्याचा वास येतो. बोलणे टाळण्याची आपली सवय जुनी आहे. आमच्या आजेसासऱ्यांच्या पेटीत र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्या'चे काही अंक जुन्या वकिली कागदांखाली दडवलेले सापडले होते. कर्व्यांवर १९३४ साली खटला झाला तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांस उत्तरे दिली म्हणून. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचा प्रश्नही होता. त्यांची बाजू मांडावयास डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरीही दंड झाला. आजेसासरे ते अंक विकत घेत आणि लपवून ठेवीत. मी लपविले नाही, उघड ओसरीवर बसून बोलले. पण ऐकणाऱ्याच्या वाट्याला काय आले?

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे आमरस-पुरणपोळी जेवून सुस्तावले असता, पुतण्याने मला आणखी एका खेळाची हकीकत सांगितली. 'असॅसिन्स क्रीड ऑडिसी' हा प्राचीन ग्रीसमधल्या युद्धाचा खेळ २०१८ च्या ऑक्टोबरात निघाला. त्यात नायक पुरुष घ्यावा की स्त्री हे खेळणाराच ठरवितो, आणि त्याने पुरुषावर प्रेम करावे की स्त्रीवर, हेही. पुष्कळांनी महिनोन्महिने आपला नायक आपल्या मनासारखा वाढविला. मग जानेवारी २०१९ मध्ये ह्या खेळाचा एक पुरवणी भाग आला, आणि त्यात नायकाला, त्याची इच्छा असो वा नसो, भिन्नलिंगी जोडीदाराबरोबर संसार मांडून मूल होते. खेळणारे खवळले. कंपनीला क्षमा मागावी लागली, तो प्रसंग पुढे बदलावा लागला.

"पण तुझ्यासारख्याला त्यात राग येण्याचे कारण काय?" मी विचारले. "तुझा नायक तर दोन्हीकडचा असू शकतो."

"असू शकतो, पण तो मी ठरवला तर," तो म्हणाला. "मूल झाले ह्याचा राग नव्हता. आधीचे सगळे जणू घडलेच नाही असे दाखवले ह्याचा होता. आणि काकू, त्या टप्प्यावर पोचल्याबद्दल खेळात एक बक्षीस मिळत असे. त्याचे नाव काय होते सांगू? 'ग्रोइंग अप'. मोठे होणे. लोक ओरडले तेव्हा ते नावसुद्धा बदलले."

मी आमरसाची वाटी खाली ठेवली. त्याने मुद्दाम टोमणा मारला नव्हता, एवढे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते. पण माझे मला ऐकू आले. एका परक्या देशातल्या कंपनीस जे शब्द मागे घेता आले ते मला सहा महिन्यांत घेता आले नव्हते. मी तेथेच त्याची क्षमा मागितली. आमच्या घरात वडील माणसांनी लहानांची क्षमा मागण्याची चाल नाही. जाऊबाई दारात उभ्या होत्या, त्या गोंधळून आत गेल्या. तो म्हणाला, "असू द्या काकू." नंतर पुष्कळ वेळाने म्हणाला, "आईला मात्र नवस फेडू देऊ नका." तो नवस अजून फेडलेला नाही. जाऊबाईंना कारण सांगितले आहे. पटले आहे असे मी म्हणणार नाही.

एक प्रश्न मात्र मला अनेक दिवस छळीत होता आणि वाचकांसही छळीत असेल. ज्याला दोन्ही आवडतात त्याचे एकावर भागेल कसे? उद्या ह्या मुलीच्या नशिबी काय? हे मी त्याला विचारले नाही. सूनबाईंना विचारण्याचा धीर तर नव्हताच. उत्तर मिळाले ते स्वयंपाकघरात, आणि विचारल्यावाचून. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी अहिराणीशिवाय बोलत नाहीत. त्यांनी ह्याला पाहून विचारले, "कव्हय उना रे भाऊ?" आणि तेरा वर्षे पुण्यात काढलेला हा मुलगा चटकन म्हणाला, "कालदिन उनू, मावशी." तोच वळून बायकोशी शुद्ध पुणेरी मराठीत बोलू लागला. मराठी बोलतो म्हणून त्याची अहिराणी गेली नाही, आणि अहिराणी येते म्हणून मराठी खोटी ठरत नाही. बायकोशी बोलताना तो अर्धे वाक्य अहिराणीत टाकण्यासाठी तळमळतही नाही. वचन पाळणे हा वेगळा गुण आहे. तो ज्याच्या अंगी असतो त्याच्या असतो. ज्यांना एकच प्रकार आवडतो अशा पुरुषांनी बायकांस दिलेले चटके आमच्या गावात मी थोडे का पाहिले आहेत?

सूनबाईंना मात्र भाडेकरूचा राग अजून येतो. मी दिलेले पुस्तक तिने दोन दिवसांत संपविले आणि म्हणाली, "तो दोघांवर प्रेम करत होता ह्याचे मला काही नाही. न सांगता गेला, ह्याचा राग येतो." ह्यावर त्या दोघांचे पुन्हा जुंपले, आणि ह्या खेपेस मी मध्ये पडले, सुनेच्या बाजूने.

निघण्याच्या आदल्या रात्री मी पुतण्याला म्हटले, मलाही तो बापांचा खेळ दाखव. त्याने संगणक माझ्यापुढे ठेवला. नायकाचे केस, चष्मा, सदरा हे सगळे निवडावयाचे होते. मी त्याला जाड मिशा दिल्या. मग खेळाने विचारले की नायकाचा जो जोडीदार वारला तो पुरुष होता की स्त्री. सूनबाई उशीवर कोपर टेकून पाहत होती.

"काय लिहू रे?" मी विचारले.

"तुम्हांला वाटेल ते. काही लिहिले तरी पुढची गोष्ट अडत नाही."

मी विचार करीत राहिले. तेवढ्यात पलीकडून सासूबाईंनी पाणी मागितले, तो तांब्या घेऊन उठला, आणि मी सुनेला विचारून एक बटण दाबले.